गणिताचा पेपर झाला आणि मी 'बाबाको' लिहून आलेय, किती मार्क जातील?

रात्रीची_बेरीज
परवा गणिताचा पेपर झाला आणि तेव्हापासून डोक्यात नुसती बेरीज चालू आहे, म्हणजे झोप लागते पण मध्येच जाग येते आणि परत पहिल्या प्रश्नापासून मार्क मोजायला लागते आणि दर वेळी बेरीज वेगळी येते. पेपर ८० चा. पुढच्या वर्षी गणित घ्यायचं तर आमच्याकडे ६० लागतात. माझे काल रात्री ५४ झाले. आज सकाळी पण ५४ च. घरी सांगितलं नाहीये, दादाला फक्त माहितीये, तो म्हणतो जाऊ दे, त्याला काय जातंय.

जे चुकलंय ते सगळं लिहिते, कोणाला पेपर तपासण्यातलं कळत असेल तर प्लीज खरं खरं सांगा, धीर द्यायला खोटं नको.

१) वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून काढलेले दोन स्पर्शिकाखंड समान असतात हे सिद्ध करा, ३ मार्क. आकृती काढली, त्रिज्या काढल्या, त्रिज्या आणि स्पर्शिका यात ९० चा कोन हेही लिहिलं, दोन त्रिकोण एकरूप म्हटलं आणि कसोटी लिहिताना हात आपोआप 'बाबाको' लिहून गेला. बाबाको!! बाजू-बाजू-कोन, अशी कसोटीच नाहीये. बाहेर आल्यावर जिन्यातच आठवलं.

२) मनोऱ्याचं गणित, ३० आणि ६० अंशांचे उन्नतकोन, अंतर ४० मीटर, ४ मार्क. माझं उत्तर १०√३. मैत्रिणीचं २०√३. तिच्या शेजारचीचं ३४.६४. तिघींची तीन उत्तरं, म्हणजे दोघी तरी गेल्या.

३) २ साइन वर्ग थीटा = साइन थीटा, थीटा ० ते ९० मध्ये, सगळ्या किमती काढा, ३ मार्क. मी दोन्ही बाजूंना साइन थीटाने भागलं, ३० अंश आलं, खूश होऊन पुढे गेले. आता कळतंय की शून्य पण होतं.

४) ३, ७, ११... पहिल्या २० पदांची बेरीज, ३ मार्क. सूत्र बरोबर लिहिलं, एन वजा १ पण लिहिलं, किमती घालताना १९ च्या जागी २० घातले. ८६० आलं, पाहिजे होतं ८२०.

५) शंकू, व्यास १४ उंची २४, वक्रपृष्ठफळ काढा, ३ मार्क. तिरकी उंची काढायलाच विसरले, २४ च घातली, ५२८.

६) दोन फासे, बेरीज किमान १० येण्याची संभाव्यता, २ मार्क. १० धरलाच नाही. १/१२.

७) आयत, लांबी रुंदीपेक्षा ७ ने जास्त, कर्ण १३, क्षेत्रफळ काढा, ४ मार्क. उत्तर ६० बरोबर आहे पण वर्गसमीकरणातून ५ आणि वजा १२ आले त्यातलं वजा १२ का सोडलं ते लिहिलंच नाही, सरळ ५ घेऊन पुढे.

८) सांख्यिकीचा ४ मार्कांचा प्रश्न पूर्ण कोरा. वेळच उरला नाही.

बाकीचं बरोबर आहे असं वाटतंय. २६ गेले, ५४ राहिले. निकालाला अजून तीन आठवडे आहेत आणि मला वाटतंय तोवर मी वेडी होईन.

शेवटचा_बाक
अगं तू निदान कुठे चुकलं ते सांगू तरी शकतेस, मला पेपरात काय लिहिलं तेच आठवत नाहीये, कोणी उत्तर सांगितलं की वाटतं हो हो माझं पण हेच आलं होतं आणि दुसऱ्याने दुसरं सांगितलं की वाटतं अरे हेच लिहिलं होतं बहुतेक. शंकूला मी ५५० लिहिलं का ५२८ हे देवाला माहीत. आणि बाबाको वाचून मोठ्याने हसलो त्याबद्दल सॉरी, पण मग आठवलं की मी त्या प्रश्नात 'आकृतीवरून स्पष्ट आहे' असं लिहून आलोय.

झालं_एकदाचं
पेपर सोपा होता यार. ७६ च्या खाली येत नाहीयेत माझे. सराव केला असता तर हे सगळं सरळ होतं.

रात्रीची_बेरीज
@झालं_एकदाचं बरं.

कोन_मापक
माझ्याकडे प्रश्नपत्रिका आहे, मनोऱ्याचं बघूनच टाकतो म्हणजे वाद मिटेल. शब्द असे आहेत: "मनोऱ्याच्या पायथ्यातून जाणाऱ्या सरळ रेषेवर, मनोऱ्याच्या एकाच बाजूला असलेल्या दोन बिंदूंपासून मनोऱ्याच्या टोकाचे उन्नतकोन अनुक्रमे ३०° व ६०° आहेत. दोन बिंदूंमधील अंतर ४० मीटर असल्यास मनोऱ्याची उंची काढा."

एकाच बाजूला. म्हणजे २०√३. आणि ३४.६४ वाली पण बरोबर आहे कारण √३ = १.७३२ घेतलं तर २०√३ म्हणजेच ३४.६४, तिने फक्त गुणाकार करून टाकला. तेव्हा तीन उत्तरं नाहीयेत, दोनच आहेत.

तुझं १०√३ कुठून आलं तेही सांगतो, तू मनोरा मध्ये घेतलास आणि बिंदू दोन बाजूंना. उंची एच धरली तर ६० अंशवाला बिंदू पायथ्यापासून एच भागिले √३ वर असतो आणि ३० वाला एच गुणिले √३ वर, म्हणजे लांबचा बिंदू जवळच्याच्या बरोब्बर तिप्पट अंतरावर. एकाच बाजूला असतील तर मधलं अंतर तीन वजा एक म्हणजे दोन भाग, ४० मीटरचे दोन भाग, एक भाग २०, उंची २०√३. विरुद्ध बाजूंना असतील तर तीन अधिक एक चार भाग, एक भाग १०, उंची १०√३. म्हणून तुझं उत्तर बरोब्बर निम्मं आलंय. गणित तुझं पूर्ण बरोबर आहे, मनोरा चुकीच्या जागी उभा केलास एवढंच.

रात्रीची_बेरीज
'एकाच बाजूला' असं लिहिलं होतं??? मी शप्पथ सांगते मला ते दोन शब्द दिसलेच नाहीत. परीक्षेच्या आधी याच टाइपची दोन बाजूंची गणितं केली होती ना, प्रश्नाची पहिली ओळ वाचली आणि आकृती हाताने आपोआप काढली. आता अजून वाईट वाटतंय, येत नव्हतं म्हणून चुकलं असतं तर परवडलं असतं.

खडू_आणि_डस्टर
बरीच वर्षं शिकवतेय आणि बोर्डाच्या परीक्षेचे गठ्ठेही तपासलेत, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते. प्रत्येक ठिकाणची गुणांची वाटणी वेगळी असते, त्यामुळे मी सांगते तो आकडा तुझ्या पेपरावर तस्साच पडेल असं धरू नकोस, पण पद्धत साधारण सगळीकडे तीच असते.

तुझी पहिली चूक कागदावरची नाहीच, बेरजेतली आहे. तू प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाचे पूर्ण मार्क कापलेस. ३ मार्कांचा प्रश्न, उत्तर चुकलं, तीनही गेले. अगं तसं असतं तर पेपर तपासायला माणूस कशाला लागला असता, शेवटची ओळ बघून कोणीही तपासला असता. तपासणाऱ्यासमोर नमुना उत्तर असतं आणि कुठल्या पायरीला किती गुण ते ठरलेलं असतं, कधी अर्धा अर्धा पण. ती उत्तर शोधत नाही, पायऱ्या शोधते. म्हणजे शोधायला पाहिजे असं म्हणू, गठ्ठा संपत आला की काय होतं ते मलाही माहितीये.

श्रेढीचं, म्हणजे ते ३, ७, ११ चं घे. सूत्र लिहिलंस, पहिलं पद ३ आणि फरक ४ ओळखलास, किंमत घालताना १९ चे २० झाले. सूत्राचे मिळाले, ए आणि डी चे मिळाले, एक मार्क गेला, वाईटात वाईट दीड. ८६० हे उत्तर ८६ गुणिले १० असं तुझ्याच ओळीतून बरोबर येतंय, म्हणजे पुढची आकडेमोड खरी आहे. एका चुकीची शिक्षा एकदाच, हे बहुतेक ठिकाणी पाळतात.

शंकूचं मात्र एवढं हलकं नाही. तिथे प्रश्नाचा जीवच तिरक्या उंचीत होता. ७ आणि २४, म्हणून २५, त्यासाठीच ते आकडे निवडलेले असतात. ती पायरीच नाही म्हणजे तिचा मार्क गेला आणि शेवटच्या उत्तराचाही गेला. त्रिज्या ७ घेतलीस (व्यास १४ तसाच घालणारे कितीतरी असतात) आणि सूत्रात तिरकी उंची हाच शब्द लिहिला असशील तर एक धर. सूत्रातच नुसती उंची लिहिली असशील तर तोही धरू नकोस.

फाशांचं, ३६ शक्यता लिहिल्यास का? आणि घटना मांडलीस का, ५-६, ६-५, ६-६ अशी? मांडली असेल तर अर्धा एक मिळेल. किमान १० म्हणजे १० धरून, तीन आणि दोन आणि एक, सहा शक्यता, १/६. 'किमान' आणि 'पेक्षा जास्त' यात दर वर्षी निम्मा वर्ग पडतो.

आयतात मी तरी अर्धाच मार्क कापला असता, फार तर एक. ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहिले तेव्हा धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज असंच धरलं होतं, पण रुंदी काही कर्जात जात नाही, म्हणून वजा १२ सोडायचं. तेवढी एक ओळ लिहायची असते. पुढच्या वेळी लिही, पाच सेकंद लागतात.

साइनचा प्रश्न मला सगळ्यात जास्त खुपला, खरं सांगायचं तर. तू भागलंस साइन थीटाने, पण साइन थीटा शून्य असेल तर? शून्याने भागलंस. आणि नेमकं तेच उत्तर हरवलं, शून्य अंश. एका बाजूला आणून साइन थीटा सामाईक काढायचा, मग गुणाकार शून्य म्हणजे हा तरी शून्य नाहीतर तो तरी शून्य, दोन्ही उत्तरं हातात. 'सगळ्या किमती' असं प्रश्नातच लिहिलंय ते उगीच नाही. ३० अंशाचा मार्क मिळेल, पद्धतीचा एखादा, दोनच्या पुढे जाणार नाही, कडक हात असेल तर एक.

मनोरा. तू प्रश्न चुकीचा वाचलास पण वाचलेला प्रश्न सोपा झाला नाही, तेवढाच अवघड राहिला, हे तुझ्या बाजूने आहे. आकृतीचा मार्क जाईल, उत्तराचा जाईल, दोन्ही टॅनची समीकरणं बरोबर आहेत त्यांचे मिळायला हरकत नाही. चारातले दोन धर.

आता बाबाको. अशी कसोटी नाही हे खरं, कारण दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोन दिला तर कधी कधी दोन वेगवेगळे त्रिकोण बनतात. कोनासमोरची बाजू बिजागरीसारखी आत पण बसते आणि बाहेर पण. पण तो कोन काटकोन असला की ती गंमत संपते! कर्ण आणि एक बाजू ठरली की तिसरी बाजू पायथागोरसने ठरूनच जाते, आत-बाहेर काही उरत नाही. यालाच आपण कर्णभुजा म्हणतो. तुझ्या आकृतीत कोन ९० चा आहे, तू तो लिहिलायस, सामाईक बाजू हीच कर्ण आहे, त्रिज्या समान आहेत. म्हणजे तुझी बाबाको ही नाव चुकलेली कर्णभुजा आहे. नावाचा अर्धा किंवा एक जाईल. मी तपासत असते तर अर्धा कापला असता आणि गालात हसले असते.

सगळं मिळून तुझ्या त्या २६ मधले कमीत कमी १०, जास्तीत जास्त १४ परत येतील असं मला दिसतंय. पण थांब, नाचू नकोस. जे ५४ तू पक्के धरलेत ते पक्के नाहीत. प्रत्येक मुलाचे 'पक्के'मधले तीन ते पाच गळतातच, कुठे एकक लिहिलं नाही, कुठे चिन्ह पडलं, कुठे प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. तेव्हा ५९ ते ६५. ६० च्या रेषेवरच बसलीयेस, पण जास्त करून आतल्या बाजूला.

रात्रीची_बेरीज
मॅडम मी हे चार वेळा वाचलं. चारही वेळा ५९ वरच डोळे गेले. पण थँक्यू, खरंच. शंकूच्या सूत्रात मी तिरकी उंचीच लिहिलं होतं, हे पक्कं आठवतंय कारण मग स्वतःलाच म्हटलं होतं की २४ हीच ती. फाशांचे ३६ लिहिलेत.

कोन_मापक
कर्णभुजा ही काटकोनातली बाबाको आहे हे मला आज कळलं, दोन वर्षं नुसती पाठ केली होती. मॅडम बिजागरी वाचून कंपास घेऊन बसलो, खरंच दोन त्रिकोण बनतात, ३० अंशाचा कोन, एक बाजू ८ आणि कोनासमोरची ५ घेतली, एकदा आत एकदा बाहेर.

शेवटचा_बाक
मॅडम दोन शंका. एक म्हणजे आमच्या ग्रुपवर कोणीतरी हाताने लिहिलेली सगळी उत्तरं टाकलीयेत, आठ पानं, लाल पेनने, त्यावरून सगळे मार्क मोजतायत, त्यात शंकूचं ५२८ दिलंय आणि ५५० वाले सगळे रडतायत. दुसरी म्हणजे मी प्रत्येक ओळ 'बरोबर'चं चिन्ह लावून पुढे ओढत नेतो, म्हणजे १४ भागिले २ = ७ वर्ग = ४९ + ५७६ = ६२५ = २५ असं, याचे मार्क जातात का?

खडू_आणि_डस्टर
५२८ चूक आहे. ७ चा वर्ग ४९, २४ चा ५७६, मिळून ६२५, वर्गमूळ २५, बावीस सप्तमांश गुणिले ७ गुणिले २५, ५५०. ही आकडेमोड करायला तुम्हाला मिनिटसुद्धा लागत नाही, तरी आठ पानं लाल पेनने लिहिली आहेत म्हणून सगळ्यांनी स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं. ते लिहिणारं कोण, तुमच्यातलंच कोणीतरी, रात्री अकरा वाजता दमून लिहिलेलं. लाल पेन कोणाच्याही हातात येतं.

आणि तुझ्या दुसऱ्या शंकेतच बघ, तू स्वतःच २५ काढलंयस इथे. म्हणजे बहुतेक पेपरातही काढलं असशील.

चिन्हांचं म्हणशील तर तू लिहिलेल्या ओळीचा अर्थ १४ भागिले २ बरोबर २५ असा होतो. मार्क कापतातच असं नाही, बरेच जण सोडून देतात, पण मला ते बघवत नाही. रॉबर्ट रेकॉर्ड म्हणून एक वेल्श गृहस्थ होते, १५५७ मध्ये त्यांनी हे चिन्ह छापलं, 'च्या बरोबर आहे' असं पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून, आणि दोन सारख्या लांबीच्या समांतर रेषा निवडल्या कारण त्यांच्याइतक्या समान दुसऱ्या कुठल्या दोन गोष्टी नाहीत असं त्यांचं म्हणणं. त्यांनी काढलेल्या रेषा आपल्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या. तू तर आख्खी आगगाडी ओढतोयस.

शेवटचा_बाक
😂 डबे सोडतो मॅडम आजपासून.

मागच्या_वर्षीची
मी उशिरा आले पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये कारण मागच्या वर्षी याच वेळी मी पण अशीच वहीत तक्ता करून बसले होते, तीन रकाने, पक्के, अर्धे, गेले. माझे ७१ होत होते. आले ५८. तेरा मार्क कुठे गेले ते कळेना, दोन दिवस जेवले नाही, आई घाबरली, बाबांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवायला लावली.

प्रत आली तर काय, नऊ मार्क खरंच गेले होते आणि माझ्याच चुका होत्या, मला आठवतच नव्हत्या. एका ठिकाणी मी प्रश्नातला आकडाच उतरवताना ३६ चे ६३ केले होते. वाचून वाटलं हे अक्षर माझं आहे पण हे मी नाही लिहिलेलं. उरलेले चार मात्र वेगळे होते, पुरवणीतला एक प्रश्न तपासलाच नव्हता, पुरवणीच्या मागच्या पानावर होता आणि कोणी पान उलटलंच नव्हतं. त्याचे मिळाले, ६२ झाले.

म्हणून दोन गोष्टी सांगते. निकालानंतर अर्ज करायचे प्रकार वेगवेगळे असतात, गुणपडताळणी म्हणजे फक्त बेरीज बरोबर आहे का आणि काही तपासायचं राहिलंय का एवढंच बघतात, पायरीला कमी मार्क दिले असं म्हणणं असेल तर ते पुनर्मूल्यांकन, तो वेगळा अर्ज आणि त्याचे नियम वेगळे, काही ठिकाणी मार्क कमी पण होऊ शकतात आणि कमी झालेलेच धरतात. मुदत फार थोडी असते, निकाल लागल्यावर आठवडाभर रडत बसलं तर निघून जाते, तेव्हा आधीच बघून ठेव. आणि शक्य असेल तर आधी प्रत मागव, प्रत बघितल्याशिवाय अर्ज करू नकोस, मी प्रत न बघता केला असता तर तेराच्या तेरा मिळतील या आशेवर बसले असते.

दुसरी गोष्ट, तू त्या पुरवणीला नंबर घातलेस ना? धागा बांधलास ना?

रात्रीची_बेरीज
बांधलाय. नंबर पण घातलेत. आता त्याचीच भीती वाटायला लागली ताई 😭

झालं_एकदाचं
ऐका ना, ग्रुपवर म्हणतायत पेपर अवघड गेला असेल तर सगळ्यांना वाढवून देतात, खरंय का? मला गरज नाहीये, सहज विचारतोय.

खडू_आणि_डस्टर
सहज विचारणाऱ्यासाठी: काही ठिकाणी ग्रेडच्या सीमा पेपर तपासून झाल्यावर ठरतात, पेपर सगळ्यांनाच जड गेला असेल तर सीमा खाली येते. काही ठिकाणी सीमा आधीच पक्की असते, ६० म्हणजे ६०. या मुलीने ६० हा आकडा आधीच सांगितलाय, तेव्हा तिच्याकडे तो पक्काच दिसतोय. प्रश्नच चुकीचा छापला असेल तर त्याचे मार्क देतात कधी कधी, पण तुमच्या पेपरात मला तसं काही दिसत नाही. 'एकाच बाजूला' स्वच्छ छापलंय.

रात्रीची_बेरीज
उद्या निकाल. अकरा वाजता. तीन आठवड्यांत मी बेरीज करायची नाही असं ठरवलं होतं आणि रोज केली. कधी ६१ कधी ५७. एकदा तर ७३ आले, मग लक्षात आलं की सांख्यिकीचा कोरा प्रश्न पण धरला होता. आईला काल रात्री सगळं सांगून टाकलं, ती एवढंच म्हणाली की तुझे दिवे रात्री दोनला चालू असतात ते मला दिसत नाहीत का. म्हणजे तिला माहीत होतं. मग आम्ही दोघी बराच वेळ काही न बोलता बसलो. बरं वाटलं.

शेवटचा_बाक
मी अकराला फोन बंद करून गच्चीत जाणार आहे. बहीण बघेल आणि खालून ओरडेल. एकदा ओरडली तर पास, दोनदा ओरडली तर नापास असं ठरवलंय.

कोन_मापक
आणि ती आनंदाने दोनदा ओरडली तर?

शेवटचा_बाक
अरे हा. आता झोप गेली.

झालं_एकदाचं
७८. सोपा होता म्हटलं होतं ना.

कोन_मापक
६९ माझे. ७२ धरले होते. मॅडमचे ते गळणारे तीन.

शेवटचा_बाक
४४!!! पास!!! बहीण ओरडलीच नाही, जिना चढून वर आली आणि पाठीत एक धपाटा घातला, मला कळेचना काय झालं. 'आकृतीवरून स्पष्ट आहे' ला काहीतरी दिलं असणार कोणीतरी दयाळू माणसाने.

मागच्या_वर्षीची
@रात्रीची_बेरीज कुठे आहेस? साडेअकरा झाले.

खडू_आणि_डस्टर
मीही तेच बघायला आले होते.

रात्रीची_बेरीज
आले आले. साइट उघडतच नव्हती, मग उघडली तर सीट नंबर चुकीचा टाकला, दुसऱ्याच कोणाचा तरी निकाल दिसला, ४१, हातपाय गार पडले, मग दादाने नंबर बघून परत टाकला.

६३.

मॅडम ६३ आहेत. गणित मिळणार. आई रडतेय आणि दादा म्हणतोय मी आधीच सांगितलं होतं जाऊ दे म्हणून. सगळ्यांना थँक्यू, मी संध्याकाळी नीट लिहिते, आत्ता हात थरथरतायत.

खडू_आणि_डस्टर
छान. खूप छान. आता ते तीन रकाने फाडून टाक.

कोन_मापक
अभिनंदन! पण मला एकच सांग, बाबाकोचं काय झालं, अर्धा गेला का एक?

रात्रीची_बेरीज
नुसता एकूण आकडा आलाय, प्रश्नवार काही नाही. प्रत मागवू का असा विचार करतेय, मार्कांसाठी नाही, फक्त ते पान बघायला.